साडेसहा लिटर काळं तेल

परवा शनिवारी सकाळी मोबाइलवर एस्टिमेट आलं. काम : वार्षिक ऑइल सर्व्हिस. रक्कम : ३६,८१६ रुपये.

मी चष्मा पुसून परत वाचलं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "ऑइल बदलतायत की इंजिन?"

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणाला कष्ट नकोत. हो, माझ्याकडे जर्मन गाडी आहे. नवी नाही घेतलेली. चार वर्षं वापरलेली, डिझेल, नव्या एसयूव्हीचं टॉप मॉडेल जेवढ्याला येतं तेवढ्या पैशात मिळाली, दोन वर्षांच्या वॉरंटीसकट. आयुष्यभर वॅगनआर चालवलेल्या माणसाची पन्नाशीतली हौस म्हणा. कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव लिहीत नाही. प्रश्न एका दुकानाचा नाहीच, आणि तिथल्या मुलांनी माझ्याशी वाईट वागणूकही केलेली नाही.

"परवडत नव्हती तर घेतली कशाला?" हा प्रश्न मला सोसायटीच्या वॉचमनपासून सख्ख्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. उत्तर शेवटी देतो. आधी हिशेब बघा.

ऑइल, साडेसहा लिटर, लिटरला १,४०० : ९,१००
ऑइल फिल्टर : २,२००
ड्रेन प्लग आणि वॉशर : ३००
एअर फिल्टर : ३,९००
केबिन फिल्टर : ४,१००
इंजिन फ्लश : १,८००
एसी डिसइन्फेक्शन : २,४००
कन्झ्युमेबल्स : ९००
लेबर : ६,५००
एकूण ३१,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी ५,६१६. झाले ३६,८१६.

आता यात ऑइल बदलणं म्हणजे नेमकं किती? ऑइल, फिल्टर, प्लग : ११,६००. म्हणजे जीएसटीच्या आधीच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडंच जास्त. बाकीचं ऑइलच्या नावाखाली शेजारच्या सीटवर येऊन बसलेलं.

वर्षभरात माझी गाडी चालली ६,२०० किलोमीटर. कारण मी मुलुंडहून अंधेरी एमआयडीसीला आठवड्यातले तीन दिवस लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो असाच जातो. २०१४ साली ती मेट्रो सुरू झाली तेव्हापासूनची सवय आहे, आणि ती सुटणं शक्य नाही. गाडी उरलेले दोन दिवस, शिवाय कधी पुणे, कधी गाव. म्हणजे डिझेल, इन्शुरन्स, पार्किंग सगळं बाजूला ठेवून नुसत्या या एका सर्व्हिसचे किलोमीटरला जवळजवळ सहा रुपये.

मी वर्कशॉपला फोन लावला. म्हटलं, "अहो, सहा हजार किलोमीटरच तर झालेत, ऑइल अजून चांगलं असेल की." सर्व्हिस ॲडव्हायझर हुशार मुलगा. म्हणाला, "सर, किलोमीटर बघू नका, इंजिन किती तास चाललं ते बघा."

आणि हे त्याचं खरं आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला सकाळी नऊ वाजता जो अडकलाय त्याला समजावून सांगायला नको. सोळा किलोमीटरला सव्वा तास. चाक फिरत नाही पण इंजिन फिरतंय, एसी चालू आहे, ऑइल तापतंय. उलट भाजी आणायला पाच मिनिटं गाडी काढली की इंजिन पुरतं गरम होत नाही आणि न जळलेलं डिझेल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं. हायवेवर सलग धावणाऱ्या गाडीपेक्षा मुंबईच्या उपनगरात रखडणाऱ्या गाडीचं ऑइल कमी किलोमीटरमध्ये म्हातारं होतं. तेव्हा वर्षाने ऑइल बदला हा सल्ला लुबाडणुकीचा नाही. तो मी मान्य केला.

मग प्रश्न उरला पैशांचा. आणि पैशांचा प्रश्न आला की आमच्या घरात एकाच माणसाला विचारायचं असतं. भांडुपचे आमचे मिस्त्री.

या माणसाने माझी वॅगनआर चौदा वर्षं सांभाळली. एलबीएस रोडच्या आत, दोन चाळींच्या मधे गॅरेज. गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक जॅक आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. वॅगनआरमध्ये ऑइल तीन लिटरच्या आसपास. ऑइल, फिल्टर, मजुरी धरून शेवटचं बिल २,२०० झालं होतं, आणि त्यात त्यांनी हॉर्नची वायरही जोडून दिली होती.

गाडी घेऊन गेलो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, वाकले आणि बराच वेळ काही शोधत राहिले.

"साहेब, डिपस्टिक कुठाय?"

नाहीये. माझ्या गाडीला डिपस्टिकच नाही. ऑइल किती आहे ते गाडी स्क्रीनवर सांगते, आपण विश्वास ठेवायचा. काडी पुसून, परत बुडवून, बोटाने ऑइलचा चिकटपणा बघणारा माणूस त्या इंजिनासमोर हात मागे बांधून उभा राहिला. मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

पण ते लगेच सावरले. म्हणाले, "ऑइल काढणं-भरणं काही नाही हो. खालून प्लग आहे, वरून फिल्टर आहे. ऑइल बाजारात मिळतं. माझी मजुरी पंधराशे द्या. पण नंतर त्या स्क्रीनवरचा सर्व्हिसचा दिवा विझवायला स्कॅनर लागेल, तो आणावा लागेल." मग थांबले. "वॉरंटी आहे का गाडीला?"

म्हटलं, आहे, अजून एक वर्ष.

त्यांनी बॉनेट खाली घेतलं. "मग मला हात लावायला सांगू नका. उद्या टर्बो गेला तर ते म्हणतील बाहेर काम केलं. लाखाचा फटका तुम्हाला बसेल आणि नाव माझं खराब होईल."

घरी येऊन मी दोन रात्री वाचत बसलो. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण ते फक्त माझ्या गाडीपुरतं नाही.

पहिली गोष्ट, ऑइल खरंच महाग असतं का? असतं, आणि त्याला कारण आहे. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ऑइलमधल्या काही रसायनांची राख त्या जाळीत साठते आणि ती राख काजळीसारखी जळून जात नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं सिंथेटिक ऑइल लागतं. ते वाचवायला गेलं तर जाळी बुजते, आणि जाळीचं बिल बघितल्यावर ऑइलचं बिल आशीर्वाद वाटतं.

दुसरी गोष्ट, डब्यावर नुसतं "५डब्ल्यू-३०" लिहिलंय म्हणून ते ऑइल चालतं असं नाही. हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. बघायचं असतं ते मान्यतेचं कलम. मर्सिडीजला २२९.५२, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन-ऑडीला ५०७.०० अशी ही कलमं असतात. कुठल्या मॉडेलला कुठलं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. ते मॅन्युअल ग्लोव्हबॉक्समध्ये पडलेलं असतं आणि आपण आरसी बुक शोधतानाच फक्त त्याला हात लावतो.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडीच्या कंपन्या ऑइल बनवत नाहीत. ऑइल बनवतात ऑइल कंपन्या. आपल्या चेंबूरच्या माहूलला हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत ल्यूब बेस ऑइल बनतं, ज्यापासून पुढे इंजिन ऑइलं तयार होतात. लक्झरी गाड्यांचं पूर्ण सिंथेटिक वेगळ्या प्रतीच्या बेसपासून होतं हे खरं. पण तीच मान्यता असलेलं ऑइल नामांकित कंपन्यांच्या डब्यात खुल्या बाजारातही मिळतं. फक्त डबा खरा असला पाहिजे. ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसणाऱ्या डब्याला भुलू नका. रिकामे डबे भंगारातून पुन्हा भरणारे आपल्याकडे कमी नाहीत. ऑइल विकून झालं की डब्याला भोक पाडणारा दुकानदार भेटला तर त्याला धरून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. वॉरंटीच्या भीतीने मिस्त्रींनी बॉनेट बंद केलं. ती भीती बरोबर आहे का?

२५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने एक मोठा निकाल दिला होता. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेलं प्रकरण. त्यात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड झाला. यादीत मारुती, टाटा, महिंद्रा, टोयोटा होत्या तशाच मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही होत्या. आयोगाचं म्हणणं असं होतं की अस्सल सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं फक्त आपल्या अधिकृत वर्कशॉपलाच देऊन या कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजवाल्यांना बाजारातून बाद केलंय, आणि ग्राहकाला बांधून ठेवलंय. ते भाग आणि यंत्रं बाहेरच्यांना मिळू द्या, असं आयोगाने सांगितलं. आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या कामाच्या चुकीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही सांगितलं.

वाचून मला वाटलं, चला, सुटलो! पण कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात गाड्यांसाठी वेगळा विभाग आहे. पोर्टलवर माहिती मिळते. भांडुपच्या शेडमध्ये स्कॅनर त्याने येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मिळवला. आपल्याकडे त्यावर कोणी एक सभासुद्धा घेतलेली मी ऐकली नाही.

मी वॉरंटीच्या बाबतीत धाडस केलं नाही. कबूल करतो. निकाल माझ्या बाजूने असला तरी टर्बो गेल्यावर कोर्टात जाणार मीच, आणि तोवर गाडी उभी राहणार आमच्याच पार्किंगमध्ये. मी वर्कशॉपलाच गेलो. पण मॅन्युअल घेऊन गेलो.

एकेक ओळ विचारली. इंजिन फ्लश मॅन्युअलमध्ये कुठे लिहिलंय? नाही लिहिलेलं. काढा. एसी डिसइन्फेक्शन? ऐच्छिक आहे सर. काढा. एअर फिल्टर या वर्षी आहे का? तो मुलगा सिस्टिममध्ये बघून म्हणाला, पुढच्या वर्षी आहे सर. काढा. केबिन फिल्टर मला काढून दाखवा. दाखवला. काळा होता, पण धड होता. काढा. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय? फडकी, क्लीनर, ग्रीस. ते काम लेबरमध्येच धरा. तो हसला आणि काढलं. मग लेबर फक्त ऑइल बदलण्याचं, २,५००.

११,६०० अधिक २,५००, त्यावर १८ टक्के. बिल झालं १६,६३८.

म्हणजे मॅन्युअल हातात धरून वीस मिनिटं उभा राहण्याचे मला २०,१७८ रुपये मिळाले. एवढा तासाचा दर मला आयुष्यात कोणी दिलेला नाही.

फुशारकी म्हणून सांगत नाही. कारण त्या मुलाने प्रत्येक ओळ इतक्या सहज काढली की मला वेगळाच विचार पडला. विचारलं तर काढतात, म्हणजे न विचारणारा भरतो. माझ्या पुढचे गृहस्थ फोनवर बोलत बोलत कार्ड टेकवून निघून गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, चांगलं झालं. पण नको असलेल्या कामावरचा कर कितीही कमी केला तरी ते नको असलेलंच काम.

इथे पोस्ट संपली असती. पण काचेतून बघताना गाडी वर उचललेली होती आणि प्लग उघडल्यावर ते ऑइल खाली आलं. डांबरासारखं काळं. साडेसहा लिटर. मी ॲडव्हायझरला विचारलं, हे कुठे जातं? त्याने मागे नेऊन टाकी दाखवली, रजिस्टर दाखवलं. अधिकृत रिसायकलर येऊन घेऊन जातो, नोंद होते. तिथे मात्र मी माझे पैसे कुठे जातात ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

संध्याकाळी भांडुपला मिस्त्रींकडे चहाला थांबलो. बिल दाखवलं. मग सहज विचारलं, "तुमच्याकडचं जुनं ऑइल कुठे देता?"

"टेम्पोवाला येतो. लिटरमागे पैसे देतो."

"तो काय करतो त्याचं?"

"काय माहीत. सेंटरिंगवाले घेतात फळ्यांना लावायला. भट्टीवाले घेतात जाळायला." मग जरा थांबून म्हणाले, "पाऊस जोरात झाला की ड्रममधलं थोडं जातं वाहून. काय करणार, जागा कुठाय?"

वाहून कुठे जातं ते आपल्याला ठाऊक आहे. गटारात, नाल्यात, खाडीत. मिठी नदीच्या काठाने साकीनाका ते कुर्ला भंगाराची आणि ऑइलचे ड्रम धुण्याची कामं वर्षानुवर्षं चालत आली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला-कलिन्याच्या घरांत जे पाणी शिरलं ते ओसरल्यावर भिंतींवर काळा चिकट पट्टा राहिला होता. माझी मावशी कलिन्याला राहायची. तो पट्टा तिने रॉकेलने घासून काढला होता. एका गाडीचं जुनं ऑइल लाखो लिटर गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगतं. आमच्या मावशीला खात्याने सांगायची गरज पडली नाही.

कायदा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे आणि तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेला पाहिजे. २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टप्प्याटप्प्याने टाकलीय. शुद्ध करून त्याचं परत बेस ऑइल बनवता येतं, म्हणजे तो मालच आहे. पण त्या कंपन्यांचं कलेक्शन भांडुपच्या दोन चाळींच्या मधे अजून तरी पोहोचलेलं नाही. तिथे टेम्पोवालाच पोहोचतो.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. परवडत नव्हती तर घेतली कशाला, आणि लक्झरी गाडीवाल्याच्या बिलाचं इतरांना काय?

डीपीएफ, कमी राखेचं ऑइल, स्कॅनरने विझवायचा दिवा, हे सगळं दहा-पंधरा वर्षांपूर्वी फक्त माझ्या गाडीसारख्या गाड्यांत होतं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि आता ते तुमच्या दहा-बारा लाखांच्या डिझेल एसयूव्हीतही आहे. जे कुलूप आज जर्मन गाडीला आहे ते उद्या टूरिस्ट परमिटच्या गाडीला लागणार. तेव्हा ३६ हजार कोणी मागणार नाही, पण १२ हजार मागितले तरी अंधेरी स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला ते माझ्या ३६ पेक्षा जड जातील. आणि त्याच्याकडे मॅन्युअल घेऊन वीस मिनिटं भांडायला वेळ नसेल.

मिस्त्रींचा मुलगा मुलुंडच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन आलाय. हात बापासारखाच स्वच्छ. त्या दिवशी शेडमध्ये स्टुलावर बसून मोबाइल बघत होता, कारण आलेल्या तीन गाड्यांपैकी दोन बॉनेट उघडून परत पाठवल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "पोराला म्हटलं, वर्कशॉपमध्ये चिकट. माझ्यानंतर हे बंदच करायचंय." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या पान्यांकडे बघत होते.

मला दोन्ही बाजू दिसतात. वर्कशॉपमध्ये रजिस्टर आहे पण हिशेब फुगवलेला आहे. शेडमध्ये हिशेब सरळ आहे पण ड्रम उघडा आहे. एकाला सरळ बिलाची सक्ती हवी, दुसऱ्याला स्कॅनर आणि ऑइल उचलणारी अधिकृत गाडी हवी. दोन्ही कामं अशक्य नाहीत. वॉर्डात सुका कचरा वेगळा उचलायला गाडी येते ना? तशी महिन्यातून एकदा गॅरेजच्या गल्ल्यांतून ऑइलची गाडी फिरू शकते. एलबीएस रोड, साकीनाका, ओशिवरा, बोरिवलीत दहिसर नदीच्या काठची गॅरेजं, सुरुवात कुठूनही करा. पैसे भरायची जबाबदारी ऑइल कंपन्यांवर कायद्याने आलेलीच आहे.

आपण काय करू शकतो ते साधं आहे.

एक, एस्टिमेट आलं की मॅन्युअलमधलं सर्व्हिस शेड्यूल शेजारी ठेवा आणि जे त्यात नाही ते का, हे विचारा.
दोन, बिलावर ऑइलची मान्यता आणि लिटर लिहून घ्या.
तीन, काढलेला फिल्टर बघायला मागा. तो तुमचाच आहे.
चार, जुनं ऑइल कुठे जातं हे विचारा, वर्कशॉपमध्येही आणि शेडमध्येही.
पाच, वॉरंटी संपलेली असेल आणि तुमचा मिस्त्री चांगला असेल तर योग्य मान्यतेचं ऑइल स्वतः आणून त्याच्याकडेच काम द्या.

माझी वॉरंटी पुढच्या वर्षी संपतेय. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, पुढची सर्व्हिस तुमच्याकडे. ऑइल मी आणतो, स्कॅनर पोरगा भाड्याने आणेल. फक्त एक अट घातलीय. जुनं साडेसहा लिटर टेम्पोत जाणार नाही, कॅनमध्ये भरून मी नोंदणीकृत रिसायकलर शोधून तिथे पोचवणार. मिस्त्री हसले. म्हणाले, "साहेब, त्याचे मला टेम्पोवाला पैसे देतो."

म्हटलं, ते पैसे माझ्या बिलात लावा.

नगरसेवकांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत बरेच जण ही भिंत वाचतात, म्हणून इथे लिहिलं. तुमच्या शेवटच्या ऑइल सर्व्हिसचं बिल कमेंटमध्ये टाका, नाव-नंबर झाकून. गाडी कुठलीही असू दे. मुलुंड ते बोरिवली आपण नेमके कशाचे पैसे भरतोय ते एकदा एका जागी दिसू दे.